एका यंत्रातले तीन साहेब

शेवगावच्या अलीकडे असलेल्या बोरनाथ सहकारी साखर कारखान्याने अठ्ठ्याण्णव साली जो सर्व्हर घेतला, तो मुंबईतल्या बँकांच्या मुख्य कचेऱ्यांत असतो तसला होता. लोखंडी कपाटाएवढा, काळाकुळकुळीत, आणि चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घुमणारा. कारखान्याला एवढ्या मोठ्या यंत्राची गरज होती का, हे कुणी विचारलं नाही. शेजारच्या कारखान्याने कॉम्प्युटर घेतला होता, एवढं कारण पुरेसं होतं. शिवाय दोन हजार साल उजाडलं की जुने कॉम्प्युटर तारखा विसरणार, अशी आवई उठलेलीच होती. चेअरमन भिमाजीअण्णा बोडखे नुकतेच परदेशी अभ्यासदौरा करून आले होते. तिकडे त्यांनी बीटापासून होणारी साखर, एक धबधबा आणि एक भलामोठा सर्व्हर पाहिला होता. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी इकडे आणणं शक्य नव्हतं.

यंत्र सांभाळायची जबाबदारी प्रवीण गायकवाडवर आली. प्रवीण मूळचा तिसगावचा. वडील रंभाजी गायकवाड प्राथमिक शाळेत मास्तर होते, बायको रश्मी शेवगावच्या हायस्कुलात गणित शिकवायची. औरंगाबादला इंजिनिअरिंग करून तो कारखान्याच्या संगणक विभागाचा प्रमुख झाला होता. विभाग म्हणजे तो स्वतः, डाटा भरणाऱ्या दोन मुली आणि एक एअरकंडिशनर.

यंत्राच्या पूजेच्या दिवशी अण्णांनी त्याला बाजूला घेतलं.

"गायकवाड, तुमी बौद्ध. तुमच्यात पूजाबिजा चालत न्हाई, व्हय ना?"

"मी करत नाही, साहेब."

"मग तुमी फक्त बटन दाबा. बाकीचं आमी बघतो." आणि मग मोठ्या मनाने म्हणाले, "तुमच्या लोकांत आता हुशारी लई आली बरं का!"

एका संचालकाने तोवर यंत्राच्या टपावरच नारळ फोडायला हात उचलला होता. प्रवीणने तो हात वरच्या वर धरला, म्हणून यंत्र वाचलं. नारळ उंबऱ्यावर फुटला, पाणी मात्र भटजींच्या धोतरावर उडालं. मग प्रवीणने बटण दाबलं. टाळ्या अण्णांना मिळाल्या.

खरी भानगड पुढेच होती. कंपनीच्या विक्रेत्याने सभेत सांगून टाकलं की या यंत्राचे तुकडे करता येतात. आत जे बोर्ड आहेत, त्या प्रत्येकावर स्वतःचे प्रोसेसर, स्वतःची मेमरी. बोर्ड वाटून दिले की एकाच कपाटात वेगवेगळे कॉम्प्युटर तयार होतात. एकाला दुसऱ्याचं काही दिसत नाही. एक बंद पडला तरी दुसरा चालू. याला पार्टिशन म्हणतात.

हे ऐकून व्हाइस चेअरमन कानिफनाथभाऊ वाबळे खुर्चीत ताठ झाले. अण्णा आणि भाऊ एका पॅनेलमधून निवडून आले होते आणि निकालाच्या गुलालाचे कपडे धुवायच्या आत त्यांचं बिनसलं होतं. हिशेब विभाग अण्णांच्या माणसांकडे, शेतकी विभाग भाऊंच्या माणसांकडे. शेतकी म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा याची पाळी ठरवणारं खातं. ज्याच्या हातात पाळी, त्याच्या हातात तालुका.

"आमची शेतकी येगळी पायजे," भाऊ म्हणाले. "त्यात हिशेबवाल्यांनी डोकवायचं न्हाई."

"आन आमच्या हिशेबात शेतकीनं डोकवायचं न्हाई," अण्णा म्हणाले.

हे दोघे कधी नव्हे ते एका मुद्द्यावर आले, म्हणून कारखान्याचा कारभार बघणाऱ्या एमडी साहेबांनी हळूच स्वतःसाठीही एक तुकडा मागून घेतला. अण्णा चेअरमन, म्हणून निम्मे बोर्ड हिशेबाला. उरलेल्यातले थोडे शेतकीला, थोडे एमडींना. हंगामात सगळं ओझं शेतकीवरच पडणार, हे प्रवीणला स्वच्छ दिसत होतं. पण नवं यंत्र हाताला लागल्याचा त्याला इतका हरिख होता की तो गप्प बसला. असं यंत्र जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्याचे तुकडे करायला मिळणार याचीसुद्धा त्याला गंमत वाटली होती.

तिन्ही पार्टिशनांत प्रत्येकाला एक खास नाव हवं होतं. ते टाकलं की सगळं दिसावं आणि सगळं बदलताही यावं. अण्णांनी 'saheb' सांगितलं. भाऊंनीही तेच सांगितलं. एमडींनी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि 'saheb' सांगितलं. यंत्रं वेगळी, तेव्हा अडचण नव्हती. तिघेही आपापल्या भिंतीआड सुखाने साहेब झाले.

गळीत हंगाम सुरू झाला आणि शेतकीचं पार्टिशन धापा टाकू लागलं. वजनकाट्यावर गाडी चढली की गाडीचा नंबर टाकायचा, शेतकऱ्याचं नाव यायचं, वजन नोंदायचं, पावती निघायची. पहिल्या आठवड्यात पावती यायला चहा पिण्याइतका वेळ लागे. पुढे चहा, विडी आणि एक डुलकी. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग गेटातून बाहेर, रस्त्याच्या कडेने पार बाभळींपर्यंत गेली. उन्हात उसाचं वजन उतरत होतं. शेजारच्याच बोर्डांवर हिशेबाचं पार्टिशन दिवसभर मोकळं घुमत होतं, आणि एमडींच्या पार्टिशनमध्ये तर एकच फाईल होती. चेअरमनसाहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. तिच्यात दरवर्षी फक्त साल बदलायचं होतं.

एक दिवस संगणक कक्षाचं दार ढकलून साळूबाई आत आली. मळेगावकडची बागायतदारीण, नवऱ्यामागे जमीन कसणारी, जिभेला हाड नसलेली. पायातल्या वहाणांची माती तिने जाळीदार फरशीवर झटकली आणि गार वाऱ्यात थबकली.

"हेच का ते?"

"काय मावशी?"

"ज्याच्यापायी माजा ऊस रस्त्यावर वाळतोय ते." तिने यंत्राला खालीवर न्याहाळलं. "ह्याला गारवा केलाय. माज्या उसाला न्हाई केला!"

डाटा भरणाऱ्या मुली खाली मान घालून हसल्या. प्रवीणने तिला खुर्ची दिली आणि मशीन हळू का चालतं ते सोप्या भाषेत सांगितलं. आत जोर पुष्कळ आहे, पण तो वाटून टाकलाय. ज्याला काम आहे त्याच्याकडे थोडा, ज्याला काम नाही त्याच्याकडे पुष्कळ.

"मंजी आपल्या संचालक मंडळागत," साळूबाई म्हणाली. "मंग काढा की त्या भिती. कुनी घातल्या?"

"मीच," प्रवीण म्हणाला.

ती उठली आणि मागे न बघता बाहेर गेली. काही बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी त्याने पार्टिशन काढण्याचा प्रस्ताव एमडींच्या टेबलावर ठेवला. एमडींनी तो वाचला नाही, फक्त वजन केल्यासारखा हातात धरला. पण गेटावर शेतकरी घोषणा देऊ लागले, एकाने काट्याच्या केबिनची काच फोडली, तेव्हा मंडळाची सभा घाईने बोलावली गेली.

"पार्टिशन काढायला माजी हरकत न्हाई," संचालक गहिनीनाथ उठून म्हणाले. "पन ते प्लायवूडचं हाय का काचेचं? काचेचं असलं तर माज्या पुतन्याला लागंल. त्याचं हाटेल निघतंय."

ते प्लायवूडचंही नाही आणि काचेचंही नाही, हे पटवून देण्यात बराच वेळ गेला. शेवटी ठराव झाला तो यंत्र कळलं म्हणून नव्हे. निवडणूक वर्षावर आली होती आणि रांगेतली माणसं दोन्ही बाजूंची मतदार होती. काहीही तोडायचं असलं तर मंडळ उत्साही असे.

गाळपाला मध्ये एक दिवस धुलाईसाठी सुट्टी असते. बॉयलर थंड, उसाची गव्हाण रिकामी. तो दिवस प्रवीणने मागून घेतला. पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर ओम आला. तरणाबांड पोरगा, चकचकीत बुटांवर तिसगावपासूनची धूळ घेऊन. सकाळीच दोघे कामाला बसले. आधी तिन्ही पार्टिशनांतला डाटा टेपवर उतरवला आणि टेप परत वाचून खात्री केली. मग एकेक पार्टिशन रीतसर बंद केलं. यंत्राच्या बाजूला देखरेखीचा एक छोटा कॉम्प्युटर होता. त्यावरून एमडींचं पार्टिशन पुसलं, तसे त्याचे बोर्ड कुणाचेच नसलेले झाले. मग हिशेबाचं पुसलं. ते सगळे बोर्ड शेतकीच्या वाट्याला जोडले आणि वीज दिली. यंत्राने एकेक बोर्ड स्वतःच तपासला. शेवटी पडद्यावर सगळे प्रोसेसर एकाखाली एक उमटले, तेव्हा प्रवीणच्या अंगावर काटा आला. इतक्या महिन्यांनी ते यंत्र पहिल्यांदा अख्खं उभं राहिलं होतं.

दुपारनंतर हिशेबाचा आणि एमडींचा डाटा त्यावर चढवला. मग माणसांची नावं. क्लार्कांची चढली, काट्यावरच्यांची चढली, गटऑफिसांची चढली. एका नावापाशी यंत्र अडलं. हे नाव आधीच आहे, ते म्हणालं.

ओम हसायला लागला. "सर, तुमच्याकडे तीन साहेब आहेत."

"हसू नकोस," प्रवीण म्हणाला. "इथे याच्यावरून डोकी फुटतील."

"त्यात काय? एकाला साहेब एक, दुसऱ्याला साहेब दोन, तिसऱ्याला साहेब तीन."

"आणि दोन कोण?"

ओमने कीबोर्डवरचा हात काढून घेतला. नगर जिल्ह्यात येऊन त्याला अजून पुरता एक दिवसही झाला नव्हता, पण पोरगा हुशार होता.

प्रश्न नुसता मानाचा नव्हता. यंत्र एक झालं होतं. आता जो साहेब होईल त्याला हिशेबही दिसणार आणि तोडणीची पाळीही बदलता येणार. प्रवीणने एमडींना फोन केला. एमडींनी अण्णांना केला. भाऊंना कुणीच केला नव्हता, तरी सगळ्यांत आधी भाऊच जीपमधून उतरले.

"शेतकीवर साहेब मी हुतो, मीच ऱ्हानार," भाऊ म्हणाले.

"चेअरमन कोन हाय?" मागून येणारे अण्णा दारातूनच गरजले.

"चेअरमन तुमी. पन मशीन शेतकीचं राह्यलंय, बाकीची पुसली. इचारा गायकवाडला."

अण्णांनी प्रवीणकडे असं पाहिलं की जणू त्याने त्यांचा बांध कोरला होता. एमडी मध्ये पडले. "मला काहीही चालेल. मी नोकर माणूस. तीन नंबर द्या, चार द्या." आणि जरा थांबून, "फक्त हे दोघे जे बघतील ते मलाही दिसावं."

"अण्णा आणि भाऊ अशी वेगळी नावं देऊ का?" प्रवीणने विचारलं.

"अन्ना मला घरात म्हंत्यात," अण्णा म्हणाले. "हापिसात मी साहेब हाय."

चिठ्ठ्या टाकायचं निघालं, पण चिठ्ठी कुणी उचलायची यावर मोडलं. शेवटी साहेब कोण, हे ठरवायला उपसमिती नेमली गेली. उपसमितीत निम्मे अण्णांचे, निम्मे भाऊंचे.

"तोवर काय करू?" प्रवीणने विचारलं. "उद्या सकाळी काटा सुरू होतोय."

"तोवर कुनालाच करू नका," अण्णा म्हणाले.

"व्हय, कुनालाच न्हाई," भाऊ म्हणाले. या दोघांचं हे दुसरं एकमत. प्रवीणने ते तिथल्या तिथे दोघांच्या सहीने लिहून घेतलं आणि शेतकीचा उरलेला साहेबही पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी काटा सुरू झाला आणि गाडी चढते न चढते तोच पावती बाहेर आली. काटेवाला दचकला. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली, कारण इतक्या लवकर आलेली पावती खोटी असणार असं त्याला वाटलं. दोन-तीन दिवसांत बाभळींपर्यंतची रांग गेटात आली. आणि मग लोकांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. पाळी पुढेमागे करायला यंत्रात कुणी साहेबच नव्हता, त्यामुळे तोडणीच्या चिठ्ठ्या लागणीच्या तारखेप्रमाणे निघत होत्या. ज्याचा ऊस आधी लागला, त्याचा आधी तुटला. असं या कारखान्यात आजवर घडलं नव्हतं. जुन्या कामगारांना ते जरा अश्लीलच वाटलं.

साळूबाईकडे तोडणीची टोळी आली. तिच्या बांधाला बांध लागून असलेल्या अण्णांच्या मेहुण्याकडे आली नाही, त्याची लागण दोन महिने उशिराची होती. तिकडे भाऊंच्या व्याह्याची तीच गत. मेहुणा अण्णांकडे गेला, व्याही भाऊंकडे गेला. अण्णांनी प्रवीणला बोलावलं.

"गायकवाड, एक बारीक काम हाय. एक नंबर जरा वर घ्यायचा."

"मला येत नाही साहेब. ते साहेबालाच येतं."

"मग मला करा की साहेब!"

"करतो. भाऊंची सही आणा."

तासाभराने भाऊंनी बोलावलं. तेच बोलणं झालं, सही फक्त अण्णांची मागावी लागली. प्रवीण आवाज चढवत नव्हता, हसतही नव्हता. पण संध्याकाळी घरी रश्मीला सगळं सांगताना त्याला ताट बाजूला ठेवावं लागलं, इतकं हसू आलं.

"जपून," रश्मी म्हणाली. "त्यांचं भांडण आहे तोवरच तुझी मजा आहे."

आणि तसंच झालं. एका सकाळी भाऊ आपणहून अण्णांच्या केबिनमध्ये गेले. दार आतून लागलं. चहा गेला, पाठोपाठ भजी गेली, आणि आतून हसण्याचे आवाज आले. बाहेर बसलेल्या शिपायाचा कानांवर विश्वास बसेना. मग प्रवीणला आत बोलावणं आलं.

"गायकवाड," अण्णा गोड आवाजात म्हणाले, "आमचं दोघांचं ठरलंय. व्हतं तसं करून टाका. पार्टिशन घाला परत."

"माजी शेतकी मला, त्यांचा हिशेब त्यांना," भाऊ म्हणाले. "आन पाळीचं आमी आपसांत बघू. त्यांच्या मानसाचं मी करतो, माज्या मानसाचं त्यांच्याकडं काय आडलं तर ते करतील."

प्रवीण म्हणाला, "घालता येतील. पण काटा बंद ठेवावा लागेल. निदान दोन दिवस. गेटावर गाड्या आहेत. त्यांना तुम्ही दोघांनी सांगावं लागेल, का बंद ठेवतोय ते. माझ्यानं सांगवणार नाही."

"त्यात काय!" म्हणत अण्णा उठले. भाऊही उठले. दोघे गेटाकडे निघाले, प्रवीण आणि एमडी मागे. गेटात पहिलाच ट्रॅक्टर साळूबाईचा होता. ती टायरच्या सावलीत बसून भाकरी खात होती. दोघांना बरोबर चालताना पाहून तिचा घास तोंडाशी थांबला.

"काय वो, दोगं एका वाटंनं?" ती म्हणाली. "कोन गेलं?"

गाड्यांवरची माणसं खो खो हसली. हसत हसत खाली उतरली, जवळ आली, आणि काय चाललंय ते ऐकायला त्यांनी दोघांभोवती कोंडाळं केलं. कुणाच्या हातात कोयता होता, तो ऊस तोडायचाच होता, पण हातात होता. अण्णांनी घसा खाकरला. भाऊंनी आभाळाकडे पाहिलं.

"काटा कसा काय चाललाय ते बघाया आलो," अण्णा म्हणाले. "बेस चाललाय ना?"

"लई बेस!" साळूबाई म्हणाली. "आता कुनी हात लावू नगा म्हनावं."

त्या हंगामात कुणी हात लावला नाही. उपसमिती चार वेळा भरली, चारही वेळा चहावर मोडली. गाळप झालं, चिमण्यांचा धूर थांबला, टोळ्या आपापल्या गावी परतल्या.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. मंडपात अण्णांनी भाऊंना हार घातला, भाऊंनी अण्णांना घातला. आपल्या मार्गदर्शनाखाली यंत्रातल्या भिंती कशा पाडल्या गेल्या, हे अण्णांनी घसा ताणून सांगितलं, लोकांनी टाळ्या दिल्या. प्रवीण मागे, लाऊडस्पीकरच्या खांबाला टेकून उभा होता. त्याचं नाव अहवालात नव्हतं. मग विषय वाचले जाऊ लागले आणि तिकडे जिलबीच्या कढया उतरल्याचा वास आला. माणसं उठू लागली. त्या गडबडीत एमडींनी एका दमात वाचून टाकलं: "संगणक यंत्रणेचे चार कार्यक्षम विभागांत विभाजन करणे." "मंजूर, मंजूर," जाता जाता लोक म्हणाले. चौथा विभाग गहिनीनाथांना हवा होता. मागच्या वेळी त्यांना काही मिळालं नव्हतं.

घालायला सांगितलं ते प्रवीणलाच. तो नाही म्हणू शकला असता. घरी दोन रात्री तो विषय निघाला, रश्मी म्हणाली तुला वाटेल ते कर, आणि त्याने घराचे हप्ते, वडिलांचं वय, सगळं मनात उलथंपालथं केलं. शेवटी त्याने पार्टिशनं घातली. कारखाना बंदच होता, वेळ हवा तेवढा होता. चार पार्टिशनं, चार साहेब. काम सफाईदार झालं. त्याला त्यातली पूर्वीची गंमत शोधूनही सापडली नाही.

पुढच्या हंगामात रांग बाभळींच्याही पुढे गेली. एका रविवारी शेवगावच्या बाजारात त्याला साळूबाई दिसली. वांग्यांचा ढीग उपसत होती. त्याला वाटलं तोंड चुकवावं, पण तिनेच हाक मारली.

"काय वो, बोरनाथवाले!"

"मावशी, यंदा तुमचा ट्रॅक्टर दिसला नाही."

"ऊस मोडला. समदी कपाशी लावली." तिने एक वांगं दाबून पाहिलं आणि टाकून दिलं. "पुन्यांदा घातल्या म्हनं भिती?"

"हो."

"कुनी?"

"मीच," तो म्हणाला.

तिने मान हलवली, आणि वांगी विकणाऱ्या बाईकडे वळून भावावरून तिच्याशी भांडू लागली.